जुलेखाचं घट्ट काळीज

एका खाडीकाठच्या गावात नागूबाई नावाची एक कोळीण राहायची. गावाच्या टोकाला हबशी वंशाच्या सिद्दी लोकांचं एकच घर होतं. तिथे जुलेखा राहायची. नागूचा लेक पोशा आणि जुलेखाचा लेक याकूब एकाच होडीवर खलाशी होते. वादळात ती होडी बुडाली आणि दोघांची प्रेतं एकाच सकाळी किनाऱ्याला लागली.

नागूने हंबरडा फोडला. तिचं घर माणसांनी भरून गेलं. कुणी पेज आणली, कुणी तिचे केस विंचरले. बायका आळीपाळीने तिच्याजवळ निजायला येत.

जुलेखा चारचौघांत रडली नाही. लेकाला माती मिळाली आणि आठवडा सरायच्या आत ती सुक्या मासळीची पाटी घेऊन बाजारात बसली. घरात कमावणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. पण गाव म्हणालं, "त्यांचं रक्तच निराळं. काळीज घट्ट असतं त्यांचं, आपल्यासारखं लागत नाही." नागूलाही ते पटलं. तिला तर रागच आला. पोटचं पोर गेलं आणि ही बाई बोंबलाचा भाव करत बसली!

काही महिन्यांनी नागू सावरली, बाजारात जाऊ लागली. एकदा जुलेखाने तिला हाक मारली. म्हणाली, "नागू, तुला झोप लागते गो?"

"कुठली झोप!" नागू म्हणाली. "तुमचं बरं असतं बाई. तुम्ही घट्ट."

जुलेखा पाटीकडे वळली. मासळीवरच्या माश्या वारत राहिली. नागू पुढे निघून गेली.

पुढे जुलेखाची जागा बाजारात रिकामी दिसू लागली. कुणी चौकशी केली नाही. नागूला मात्र राहवेना. ती गावाच्या टोकाला गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. चुलीत राख गार पडली होती. जुलेखा भिंतीकडे तोंड करून पडली होती, हाडांचा नुसता सापळा झाला होता.

"अगं, सांगायचं तरी एका शब्दाने!" नागू रडत म्हणाली.

"सांगणारच होते गो," जुलेखा हळूच म्हणाली. "पण तू म्हणालीस, तुम्ही घट्ट."

नागूने मग तिची साथ सोडली नाही. रोज पेज भरवली, वैद्यालाही आणलं. वैद्याला नाडीत रोग सापडला नाही. जुलेखा नागूचं मन राखायला दोन घास गिळायची आणि पुन्हा भिंतीकडे वळायची. अशीच एका दुपारी ती गेली.

नागू प्रेताच्या उशाशी बसून राहिली. गावातली माणसं दारातूनच म्हणाली, "एवढं काय रडतेस? ती तुझी कोण लागत होती?"

नागूने जुलेखाचे केस विंचरायला घेतले.

तात्पर्य: कुणी आपल्यासारखं रडत नाही, म्हणून त्याला दुःख कमी आहे असं समजू नये. वेगळ्या वंशाच्या माणसाचं दुःख आपल्या डोळ्यांना लवकर दिसत नाही. म्हणून त्याच्या दारी आपण होऊन जावं, आणि वेळेत जावं.