ब्रेकला काय उरलं?

घाटाच्या पायथ्याशी, चढणीआधी गाड्या जिथे दम खातात, त्या गावात वामन कासार राहत असे. गाड्यांच्या मागच्या दिव्यांसाठी तो एलईडीचे सर्किट बोर्ड बनवी. जशी गाडी, तसा बोर्ड. आखणी तो करी, कथील वितळवून टाके घालायचं सोल्डरिंग त्याची बायको इंदू करी. हात दोघांचेही चांगले. कौतुकाची भूक मात्र एकट्या वामनला.

एकदा निवृत्तीशेठ नवी गाडी घेऊन आले. वामननं रीतसर बोर्ड केला. एरवी दिवा मंद, ब्रेक दाबला की लखलखीत. शेठनी मागं उभं राहून पाहिलं आणि नाक मुरडलं.

"एवढंसं? वामनराव, लोकांनी वळून बघितलं पाहिजे!"

वामनला ते लागलं. दिवा मंद ठेवण्यासाठी वीज अडवणारा रेझिस्टर त्यानं काढला आणि नावापुरता छोटा बसवला. दिवा असा पेटला की शेठ हरखून गेले.

इंदू हळूच म्हणाली, "अहो, सगळं आत्ताच पेटवलंत. मग ब्रेकला काय उरलं?"

"गिऱ्हाईक खूश आहे ना? तू तुझं काम कर."

त्याला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणूनच तो चिडला. पुढे जो तो तसाच दिवा मागू लागला आणि वामन देत गेला.

एका संध्याकाळी वामन आणि इंदू स्कूटरवरून घाट उतरत होते. पुढे शेठची गाडी होती. आपलेच दिवे बघत वामन छाती फुगवून चालला होता. वळणावर म्हैस आडवी आली. शेठनी ब्रेक दाबला. दिवे लाल होते, तसेच लाल राहिले. गाडी थांबलीय हे वामनला कळलं ते धडकल्यावरच. त्याला नुसतं खरचटलं. इंदूचा उजवा हात मोडला.

शेठ धावत आले. हात जोडून म्हणाले, "वामनराव, माझंच चुकलं. एकदम ब्रेक मारला मी."

वामन गप्प बसला असता तर कुणालाही काही कळलं नसतं. इंदूनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तिनं चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं. अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शेठ, ब्रेक तुम्ही मारलात. मला दिसला नाही, कारण दिवा मी केलाय," तो म्हणाला. "आणि असं होईल हे मला ठाऊक होतं."

मग त्यानं एकेक गाडी परत बोलावली आणि बोर्ड बदलून दिले. प्रत्येक जण कारण विचारी, आणि प्रत्येकाला तेच सांगताना त्याची मान वर होत नसे. कुणी हसलं, कुणी भांडलं. सोल्डरिंगही आता त्यालाच करावं लागे आणि टाके वाकडेतिकडे पडत.

शेठची गाडी शेवटी आली. वामन आत बसला. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून इंदू मागं उभी राहिली. त्यानं ब्रेक दाबला. आत बसलेल्याला मागचं काय दिसणार?

"दिसलं का गं?" त्यानं खालमानेनंच विचारलं.

"आता दिसलं," इंदू म्हणाली.

तात्पर्य: मागचा दिवा मागून येणाऱ्यासाठी असतो. आपलं काम बरं की वाईट, हे कौतुक करणाऱ्याला विचारू नये. त्या कामाच्या भरवशावर जो चालतो, त्याला विचारावं.