धनेशिणीने लिंपून घेतलेले दार

मुलांनो, महिन्याभराने तुम्हाला काय हवेसे वाटेल, हे आज नक्की सांगता येईल का? एका धनेशिणीला वाटले होते की आपल्याला सांगता येते.

डोंगरउतारावरच्या दाट रानात ही धनेशीण आपल्या धनेशासोबत राहत असे. चोच मोठी, आवाज मोठा आणि हौस त्याहून मोठी! कुठे उंबर पिकला की सगळ्यांच्या आधी ही हजर. पण या हौसेपायी मागच्या वर्षी वाईट घडले होते. ढोलीचे तोंड अर्धेच लिंपून, "आत्ता येते" म्हणत ती अंडे सोडून गेली. परतली तेव्हा ढोलीत घोरपड बसून जिभल्या चाटत होती.

म्हणून या वर्षी फाल्गुन लागताच ती ढोलीत शिरली आणि म्हणाली, "अहो, चिखल आणा. आतून मी लिंपते, बाहेरून तुम्ही लिंपा. पिल्लू मोठं होईपर्यंत मी बाहेर येणार नाही. मी रडले, भांडले, पाया पडले तरी उघडायचं नाही. घ्या शपथ!"

धनेशाने चोचीतला चिखल खाली ठेवला. "अगं, ठरवतेस तू आज. आत कोंडून बसायचंय ते महिन्याभरानंतरच्या तुला. तिला कोण विचारणार?"

"ती म्हणजे मीच की!"

"तूच. पण तिला काय सोसावं लागेल, ते तुला इथून दिसत नाही. कुणाचं तोंड असं साफ बंद करू नये गं, स्वतःचंसुद्धा."

दोघांची बरीच हुज्जत झाली. शेवटी ठरले ते असे : खाऊ देण्यापुरती फट ठेवायची. जिवावर बेतले तर भिंत लगेच फोडायची. एरवी तिने एकदा "उघडा" म्हटले तर उघडायचे नाही, दोनदा म्हटले तरी नाही. पण लागोपाठ तीन सकाळी तिने तेच मागितले, तर मात्र धनेशाने एक शब्द न बोलता चोच चालवायची.

भिंत वाळून दगडासारखी झाली. आत धनेशिणीने अंडे घातले. धनेश फळे आणी आणि ती आतून, "हे कच्चं आहे हो!" म्हणून ओरडे. महिना असा मजेत गेला. मग समोरचा वड पिकला. लालेलाल! हरियाल आले, बुलबुल आले, माकडांची पलटण आली. फटीशी येऊन खार म्हणाली, "काय काकू, घरकोंबडी झालात की हो! वडावर जत्रा भरलीय आणि तुम्ही कोठडीत!"

झाले! धनेशिणीचे पंख शिवशिवू लागले. सकाळी धनेश येताच ती म्हणाली, "अहो, उघडा. ती शपथ घालणारी वेडी होती."

"ही पहिली सकाळ," धनेश म्हणाला आणि त्याने एक फळ आत सरकवले.

दुसऱ्या सकाळी तिने भिंतीवर चोच आपटली. "उघडा म्हणते ना! आणि उद्या काय कराल?"

"उद्या मागितलंस तर उघडीन. तेव्हाची तू खरी आणि आजची तू खोटी, असं म्हणणारा मी कोण?"

धनेशिणीने भांडायची केवढी तयारी केली होती! पण भांडायला समोर कुणी उरलेच नाही. आता बाहेर पडणे तिच्याच हातात होते. आणि मग, कितीतरी दिवसांनी, ती शांतपणे विचार करू लागली. वडावरचा गलका कानांवर येत होता. पोटाखाली अंडे उबदार होते. 'ती वेडी नव्हती,' तिला वाटले. 'तिला माझी हौस ठाऊक होती. आणि तरी ती माझं म्हणणं ऐकायला तयार झाली.'

संध्याकाळी पोटाखाली आवाज झाला. टक्. टक् टक्. धनेशिणीने मान वाकवून कान दिला. अंड्याच्या आतून कुणीतरी चोच मारत होते.

"अगं बाई! तुलाही बाहेरच यायचंय होय?" ती म्हणाली आणि इतक्या मोठ्याने हसली की दचकून खारीच्या हातातले फळ खाली पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनेश भिंत फोडायच्या तयारीने आला, तेव्हा आतून हुकूम सुटला, "उघडू नका! वडाची फळं आणा. आम्ही दोघी उपाशी आहोत." आणि धनेश वडाकडे उडाला.

तात्पर्य : पुढच्या दिवसांतल्या स्वतःला शब्दाने जरूर बांधावे, पण त्याचेही ऐकून घेण्याची सोय ठेवावी, मग तो शब्द ओझे होत नाही, आपलाच राहतो.