रणधीररावांच्या कार्डावरची घडी

नागपूरच्या एका बास्केटबॉल क्लबात जुन्या खेळाडूंची फोटो छापलेली कार्डं जमवणारे दर रविवारी अदलाबदलीला बसत, आणि दर रविवारी अध्यक्ष रणधीरराव सगळ्यांचं डोकं उठवत. दुसऱ्याचं कार्ड हातात आलं की ते म्हणत, "नकली!" कुणी उलट बोललं की लांबलचक व्याख्यान.

त्या दिवशी त्यांनी फिरदोसचं कार्ड उचललं. ते तिच्या वारलेल्या भावानं जपून ठेवलेलं होतं.

"एवढं जुनं कार्ड आणि एक सुरकुती नाही? नकली! माझं बघ, मधोमध कशी घडी पडलीय. ही जुनेपणाची खूण. तुझं मला दे, हे घेऊन जा. उपकार समज."

"अहो काका, मला बदलायचंच नाही. किती वेळा सांगू?"

"मग क्लब सोड. नकली माल इथं चालणार नाही."

फिरदोसनं कपाळाला हात लावला. "बरं, बदलते. पण आधी डोळे मिटा आणि तुमच्या कार्डावरची घडी बोटानं दाखवा."

रणधीररावांनी हसत डोळे मिटले. बोट वर गेलं, खाली गेलं, कडेला जाऊन थांबलं. कार्ड काचेसारखं गुळगुळीत होतं.

"जुनी घडी आहे," ते पुटपुटले, "झिजली असेल."

"झिजली नाही काका, छापलीय. कुणाच्या तरी खऱ्या कार्डाचा फोटो काढला, त्यात घडीही आली. तुमचं कार्ड म्हातारं होऊनच जन्माला आलंय. आता डोळे उघडा, आणि माझ्या भावाचं कार्ड इकडे द्या."