तिरपी आणि हजार गुलाब

एक होती खेकडी. बोराएवढी.
तिचं नाव तिरपी. ती चालायची तिरकी तिरकी. तुरु तुरु, तुरु तुरु.
ओढ्याच्या कडेला तिचं एक डबकं होतं. वाटीएवढं. तिला ते समुद्राएवढं वाटायचं.
तिरपी त्यात बसायची. बुडबुडे सोडायची. बुळुक. बुळुक.

एके दिवशी सकाळी तिरपी उठली. बघते तर काय, डबकं रिकामं!
खाली चिखल. चिखलाला भेगा.
ऊन आलं. तिरपीची पाठ सुकली. खेकडीची पाठ सुकून कसं चालेल?

तिरपी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.
ओढ्याकडे गेली.

"ओढेदादा, ओढेदादा, पाणी दे ना.
माझी पाठ सुकली ना!"

ओढा हळूच म्हणाला, "कुठून देऊ गं तिरपे? माझी एवढीशी धार. ती पाइप पितो. पाइप थांबला, तर मी देईन."

तिरपी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.
पाइप होता जाडजूड. ओढ्यात तोंड घालून बसलेला. गट गट गट.

"पाइपदादा, पाइपदादा, थांब ना.
ओढा पाणी देईना,
माझी पाठ सुकली ना!"

पाइपाने तोंड वरसुद्धा काढलं नाही. "गट... कसा थांबू? गट... यंत्राला ताप आलाय. त्याला पाणी न्यायचंय. यंत्र निवलं, तर मी थांबेन. गट."

तिरपी निघाली. पाइपाच्या कडेकडेने. तुरु तुरु, तुरु तुरु.
माळावर एक मोठ्ठं पांढरं घर. त्याला खिडकीच नाही. छतावरून वाफ निघते. वाफेचे ढग होतात आणि कुठेतरी निघून जातात.
पाइपाशेजारी एक फट होती. तिरपी तिरकीच होती. सहज आत गेली.

आत अंधुक अंधुक. निळे निळे दिवे. लुकलुक, लुकलुक.
रांगेने यंत्रंच यंत्रं. घूंऽऽ घूंऽऽ.
माणसांचे निरोप, माणसांचे फोटो, सगळे त्यांच्या डोक्यावर.
कोपऱ्यातलं यंत्र फार कण्हत होतं.

"यंत्रमामा, यंत्रमामा, निव ना.
पाइप काही थांबेना,
ओढा पाणी देईना,
माझी पाठ सुकली ना!"

यंत्र म्हणालं, "घूंऽऽ. कसा निवू गं भाचीबाई? माझ्या डोक्यावर हजार गुलाब. सांभाळता सांभाळता ताप येतो. गुलाब उतरले, तर मी निवेन. घूंऽऽ."

तिरपी वर चढली. तुरु तुरु, तुरु तुरु.
खरंच की! गुलाबावर गुलाब, गुलाबावर गुलाब. पण सगळे फोटोतले. सगळे अगदी सारखे. प्रत्येकावर लिहिलेलं, 'शुभ सकाळ'. प्रत्येकावर दवाचे दोन थेंब.
तिरपीने एक थेंब चाटून बघितला.
कोरडा!

"गुलाबराव, गुलाबराव, उतरा ना.
यंत्र काही निवेना,
पाइप काही थांबेना,
ओढा पाणी देईना,
माझी पाठ सुकली ना!"

गुलाब जांभई देत म्हणाले, "आऽऽ. कसे उतरू? शालनबाईंनी ठेवलंय आम्हाला. बघायला काही येत नाहीत. पण ठेवलंय. शालनबाईंनी पुसलं, तर आम्ही उतरू."

तिरपी निघाली. तुरु तुरु... तुरु तुरु. आता जरा हळू.
ओढ्याच्या अलीकडे शालनबाईंचं घर. शालनबाई अंगणात लसूण सोलत होत्या. मांडीवर फोन.

"शालनबाई, शालनबाई, पुसा ना.
गुलाब काही उतरेनात,
यंत्र काही निवेना,
पाइप काही थांबेना,
ओढा पाणी देईना,
माझी पाठ सुकली ना!"

शालनबाई म्हणाल्या, "अगं बाई, खेकडी बोलते! पण पुसू कशी? हौसाबाईंनी पाठवलेत ते. त्या माझ्या विहीणबाई. त्यांची मुलगी माझी सून. विहीणबाईंचा गुलाब पुसायचा? रुसतील ना! हौसाबाई पाठवायच्या थांबल्या, तर मी पुसेन."

तिरपी निघाली. तुरु... तुरु. तुरु... तुरु.
ओढ्याच्या पलीकडे हौसाबाईंचं घर. समोरासमोर. हौसाबाई ओट्यावर बसल्या होत्या. हातात फोन.

"हौसाबाई, हौसाबाई, थांबा ना.
शालनबाई पुसेनात,
गुलाब काही उतरेनात,
यंत्र काही निवेना,
पाइप काही थांबेना,
ओढा पाणी देईना,
माझी पाठ सुकली ना!"

हौसाबाई म्हणाल्या, "वा गं वा! आधी मी थांबू? मी मुलीची आई. त्यांचा गुलाब आला, की माझा जायलाच हवा. नाहीतर म्हणतील, काय या हौसाबाई, रीतभात म्हणून नाही! शालनबाई थांबल्या, तर मी थांबेन."

तिरपीने इकडे बघितलं. तिरपीने तिकडे बघितलं.
ही थांबली, तर ती थांबणार. ती थांबली, तर ही थांबणार.
आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं.
डोळे मिटायला लागले. तिरपी पुटपुटली,

"हौसाबाई थांबेनात,
शालनबाई पुसेनात,
गुलाब काही उतरेनात,
यंत्र काही निवेना,
पाइप काही थांबेना,
ओढा पाणी देईना,
माझी पाठ..."

समोर हौसाबाईंचा अंगठा. पायाचा. गुबगुबीत.
तिरपीने सगळा जीव गोळा केला.
कट्ट!

"आई गंऽऽऽ!"

समोरून शालनबाई धावत आल्या काठावर. लसणीच्या पाकळ्या सगळ्या अंगणात.
"अहो विहीणबाई! काय झालं हो?"
"खेकडी चावली हो विहीणबाई!"
"ती पुसा पुसा म्हणणारी?"
"तीच! गुलाब थांबवा म्हणते!"

शालनबाई म्हणाल्या, "रागावणार नसाल, तर एक सांगू? मी ते गुलाब बघतच नाही हो."
हौसाबाई अंगठा धरून हसायलाच लागल्या. "अगंबाई! मी तरी कुठे बघते!"
"मग इतके दिवस?"
"तुम्ही रुसाल म्हणून!"
"आणि मला वाटलं, तुम्ही!"

हसल्या, हसल्या. डोळे पुसले. मग गुलाब पुसले.
इकडे टिक. तिकडे टिक.

शालनबाईंनी पुसले, हौसाबाई थांबल्या.
गुलाब उतरले, पाकळी पाकळी.
यंत्र निवलं. घूंऽऽ... घूं... घू.
सगळी यंत्रं नाही हं. कोपऱ्यातलं एकच.
पाइप एकच घोट कमी प्यायला.
तो घोट ओढ्याला मिळाला.
ओढ्याने तो तिरपीच्या डबक्यात ओतला. झुळुझुळु, झुळुझुळु.
एक घोट! पण वाटीएवढ्या डबक्याला आणखी किती लागतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी अलीकडून हाक आली, "शुभ सकाळ हो, विहीणबाई!"
पलीकडून हाक आली, "शुभ सकाळ! चहा झाला का?"
मधून ओढा ऐकत ऐकत गेला.

आणि तिरपी?
तिरपी पाण्यात बसली. पाठ गार. पोट गार. पायसुद्धा गार.
बुळुक.
बुळुक.
तिरपी भिजली, गोष्ट निजली.