साळूताईंचा सत्कार

फार दूरच्या एका जंगलात, ओढ्याकाठच्या बिळात एक साळू राहत असे. ओढ्याकाठच्या प्राण्यांनी तिला तिसऱ्यांदा निवडून जंगलाच्या सभेत पाठवले होते. पहिल्या खेपेला ती घसा कोरडा पडला तरी जागची हलत नसे. तिला वाटे, आपल्याला काही कळत नाही, निदान हजर तरी राहावे! पुढे हळूहळू तिला सगळे कळू लागले, आणि मग सत्कारांची आमंत्रणेही येऊ लागली.

एके दिवशी सभेपुढे कोल्ह्यांचा ठराव आला : ओढा वळवून त्यांच्या उसाकडे न्यावा. सभेचा रिवाज असा, की मतदानाआधी सुतार पक्षी खोडावर तीन ठोके देई. तिसऱ्या ठोक्याला सभेच्या गुहेच्या तोंडाशी काटेरी फांदी ओढली जाई आणि आत असतील त्यांचीच मते धरली जात. मते समसमान पडली, तर ठराव बारगळे. साळूने मान उंचावून पाहिले. बाजूने वीस, विरोधात तिच्यासकट वीस. ओढा वाचत होता!

तेवढ्यात कोल्हा तिच्या कानाशी लागला. "साळूताई, दोन मिनिटं बाहेर येता? मंडळी हार घेऊन ताटकळलीत."

"आत्ता? अहो, मतदान आहे!"

"अजून चार भाषणं व्हायचीत. आणि तुम्ही नाही आलात, तर तो हार काय मी घालून घेऊ?"

साळूला हसू आले. दोनच मिनिटे तर, म्हणत ती उठली.

बाहेर वडाखाली कोल्ह्याच्या चुलतभावाने तिला हार घातला, वर शेला पांघरला, हातात नारळ दिला. "ठक्!" पहिला ठोका पडला. साळू चुळबुळली. "बसा हो ताई, आत्ताच तर सुरुवात झाली," म्हणत चुलतभाऊ बोलू लागला, "ताईंच्या कार्याबद्दल बोलावे तेवढे थोडेच..." ते खरेच थोडे नव्हते. "ठक्!" साळूने दचकून इकडेतिकडे पाहिले. तिला घेऊन आलेला कोल्हा कुठेच नव्हता. तो केव्हाच आत जाऊन बसला होता.

नारळ टाकून ती धावत सुटली. पण शेला पाठीवरच्या काट्यांत अडकलेला, हाराचा दोरा त्यात गुंतलेला. वाटेतल्या करवंदीच्या जाळीने नेमका शेलाच धरला. तिने हिसडा दिला, दुसरा दिला. शेला टर्रकन फाटला आणि त्याच क्षणी तिसरा ठोका पडला.

"अस्वलदादा, थांबा! मी आलेय!"

दारावरच्या अस्वलाने फांदी ओढून घेतली होती. "ताई, तुम्हाला आत घेतलं, तर उद्या कुणाला अडवू?"

आतून आवाज आला, "बाजूने वीस, विरोधात एकोणीस. ठराव मंजूर!"

संध्याकाळी साळू घरी परतली, तेव्हा सारे प्राणी ओढ्याकाठी वाट पाहत उभे होते. खाली मान घालून तिने घडले ते सांगितले, आणि शेवटी म्हणाली, "कोल्ह्यानं फसवलं हो मला."

म्हातारी घोरपड वाहत्या पाण्याकडे पाहत म्हणाली, "कोल्ह्याचं नको सांगूस, बाई. त्याला आम्ही नव्हतं निवडलं."

तात्पर्य : लोकांनी विश्वासाने दिलेली जागा ऐनवेळी सोडली, तर त्याची किंमत लोकांना मोजावी लागते.