मळेवाल्याचे दीर्घायुष्य

एकदा एक तंबाखूचा मळेवाला मोठ्या दुखण्यातून उठला आणि त्याने आपल्या वृद्ध गुरूंना आशीर्वादासाठी घरी जेवायला बोलावले. ही गोष्ट अमेरिकेतली, तिथे इंग्लंडच्या राजाचा अंमल होता तेव्हाची. नदीकाठी दूरवर त्याचे मळे पसरले होते आणि त्यांत गुलाम राबत होते. काही विकत आणलेले, काही त्यांच्या पोटी जन्मले म्हणून जन्मतःच गुलाम झालेले. तरीही मळेवाला कठोर अंतःकरणाचा म्हणून ओळखला जात नव्हता. प्रांताच्या सभेवर तो निवडून गेला होता आणि राजाच्या जुलमाविरुद्ध बोलायला उभा राहिला की सभागृह स्तब्ध होई. त्याचे एक वाक्य तर लोकांच्या तोंडी बसले होते : "राजा म्हणतो, तुमचे हक्क देऊ, पण सवडीने देऊ. अशा होकारापेक्षा नकार बरा."

दुखण्यात ताप काही केल्या उतरेना, तेव्हा त्याने मृत्युपत्र केले. त्यात लिहिले की, माझ्या मृत्यूनंतर माझे सर्व गुलाम मुक्त व्हावेत. वकिलाने सगळ्या गुलामांना अंगणात बोलावून ते मोठ्याने वाचून दाखवले. असे औदार्य त्या भागात तोवर कोणी दाखवले नव्हते. पुढे देवाची कृपा झाली, ताप उतरला आणि मळेवाला काठी टेकत हिंडूफिरू लागला.

मेजवानीला शेजारचे जमीनदार आले, सभेतले स्नेही आले. जेवणाआधी सर्वांनी पेले उंचावून यजमानाला शंभर वर्षांचे आयुष्य चिंतले. मग मळेवाला गुरूंसमोर येऊन वाकला. त्यांनीच त्याला लहानपणी अक्षरे गिरवायला शिकवली होती आणि त्यांचा हात डोक्यावर आल्यावाचून तो कोणतेही कार्य आरंभत नसे.

गुरूंनी हात उचलला नाही.

इतक्यात फीबी सूपचे भांडे घेऊन आत आली. ही त्या घरातली म्हातारी गुलाम. मळेवाला तिच्याच अंगाखांद्यावर वाढला होता. गुरू खुर्चीवरून उठले, तिच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवून म्हणाले, "बाई, तू खूप जग. तुझ्या मालकाहून जास्त जग."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. एक जमीनदार म्हणाला, "गुरुजी, दिसेनासं झालंय का? आशीर्वाद भलत्याच डोक्यावर पडला." दोघेतिघे हसले. फीबीने भांडे जपून मेजावर ठेवले आणि खाली मान घालून ती निघून गेली. मळेवाला हसला नाही.

पाहुणे पांगल्यावर तो गुरूंजवळ येऊन बसला. "गुरुजी, माझं काय चुकलं? इथं कुणी केलं नाही ते मी केलं. सगळ्यांची मुक्ती लिहून ठेवली. आणि तुम्ही मला साधं 'सुखी राहा' म्हणाला नाहीत."

"तापात तुझ्या उशाशी कोण होतं?"

"फीबी. आणखी कोण असणार? तो कडू सालीचा काढा मी दुसऱ्या कुणाच्या हातून घेतच नाही."

"मृत्युपत्र वाचलं तेव्हा ती अंगणात होती?"

"सगळेच होते."

गुरू शांतपणे म्हणाले, "तू गेलास की ती मुक्त, तिची लेक मुक्त, लेकीची पोरं मुक्त, हे तूच तिला ऐकवलंस. आणि मग तिच्याच हातात काढ्याची वाटी दिलीस. तुला पाजलेला प्रत्येक चमचा तिनं आपल्या नातवंडांच्या पुढ्यातून उचललाय, बाळ. तुझं औदार्य खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ते तू स्वतःच्या मरणापलीकडे नेऊन ठेवलंस. तिथं तुला काहीच सोडावं लागत नाही. आज मी तुला दीर्घायुष्य दिलं, तर ते कुणाच्या वाट्याचं काढून देऊ? आणि फीबी तर तुझ्याहून वयानं मोठी. तुझ्यामागे उरली तरच तिला मोकळा श्वास मिळायचा. म्हणून तिला म्हटलं, जास्त जग."

मळेवाल्याला सभेतले आपलेच वाक्य आठवले. सवडीने देऊ. तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला. फीबी भांडी विसळत होती.

"फीबी, मी गेलो असतो तर काय झालं असतं, तुला ठाऊक होतं ना?"

"ठाऊक होतं, मालक."

"मग तुझ्या मनात कधी..."

फीबीने हात पुसले. "आलं, मालक. रोज यायचं. मग मी देवाचं नाव मोठ्यानं घेत चमचा भरायची. मोठ्यानं घेतलं की दुसरं काही ऐकू येत नाही."

मळेवाला चुलीपाशी बसून राहिला. निखारे विझत आले तरी उठला नाही.

सकाळी त्याने वकिलाला बोलावले. "'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द खोडा. 'आजपासून' असं लिहा."

वकील म्हणाला, "मग हे मृत्युपत्र राहत नाही, साहेब."

"नाही राहिलं तरी चालेल."

"आणि मळा कोण करणार?"

"मजुरीवर जे राहतील ते. बाकीचा पडीक राहील."

बराचसा पडीक राहिलाही. शेजाऱ्यांनी येणेजाणे तोडले आणि पुढच्या निवडणुकीत त्याला सभेवर पाठवले नाही.

फीबी लेकीच्या बिऱ्हाडाबरोबर निघाली त्या दिवशी गुरूही आले होते. नातवंडे गाठोडी घेऊन पुढे पळाली. फीबी फाटकाशी थांबली, मागे वळली. आज ती 'मालक' म्हणाली नाही.

"बाळ," ती म्हणाली, "काढा अजून महिनाभर घ्यायचा. तोंड वाकडं करायचं नाही. खूप जग."

ती दिसेनाशी होईपर्यंत मळेवाला पाहत राहिला. मग गुरूंसमोर वाकून म्हणाला, "गुरुजी, आता तरी द्याल?"

गुरूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "माझा कशाला हवा आता? जिच्याकडून यायला हवा होता, तिच्याकडून आला की."

संकल्पाचे पाणी ओंजळीत धरून ठेवायचे नसते. हात हलतो आहे तोवर ते सोडायचे असते.