माशी नको, आंबा हवा

समुद्राकाठच्या एका गावात एक म्हातारा एकटाच राहायचा. बायको कधीच गेलेली, मुलगा शहरात. दारात हापूसचं जुनं कलम. वैशाखात आंबा पिकला की मुलगा बायको-पोरांना घेऊन यायचा. आंबे संपले की घर पुन्हा मुकं. बाकी वर्षभर म्हातारा बोलणार कुणाशी? चुलीशी.

कुंपणापलीकडे एक कोळीण राहायची. कुंपणाशी बसून मासळी साफ करायची आणि मुंडकी, आतडी तिथेच कडेला टाकायची. त्यावर माश्या घोंगावायच्या. गेल्या साली त्या माश्यांना कंटाळून सून पोरांना घेऊन लवकरच परत गेली. जाताना धाकटी नात रडत होती. ते म्हाताऱ्याच्या मनात रुतून बसलं.

थंडी पडली, कलम मोहोरलं, तसा तो कुंपणाशी गेला आणि कोळणीला म्हणाला, "तुझी घाण तुझ्या घरामागे कर. माझी माणसं पळतात तुझ्यापायी."

"मासळीला वास येणारच, आबा. पण नको तर नको," ती म्हणाली आणि टोपली उचलून मागे गेली. कुंपणावरून कधी दोन शब्द व्हायचे, तेही तुटले.

म्हाताऱ्याने कुंपणाला झावळ्या बांधल्या. रोज झाडाखाली ओल्या पाल्याचा धूर केला. माशी राहिली नाही, मधमाशी नाही, मुंगीसुद्धा नाही. मोहोर असा, की पान दिसेना. खूश होऊन त्याने नातीसाठी झोपाळा बांधला.

मग मोहोर वाळला. वाटाण्याएवढीही कैरी धरली नाही. नुसत्या काड्या उभ्या. एकच फांदी कोळणीच्या घरामागे झुकली होती, ती मात्र कैऱ्यांनी वाकलेली. म्हातारा तणतणत तिथे गेला.

"काय घातलंस गो हिला?"

"मी काय घालणार? तुम्ही हाकललेल्या माश्या इकडे आल्या."

त्याने वर पाहिलं. फांदीच्या टोकाला अजून थोडा मोहोर होता. माशी या फुलावर बसत होती, तिथली भुकटी पायाला लावून त्या फुलावर जात होती. त्याच्या मोहोराकडे असं कुणी फिरकलं नव्हतं. त्यानेच फिरकू दिलं नव्हतं.

वैशाखात मुलाचा निरोप आला. यंदा आंबे नाहीत, तर पोरांना उन्हात कशाला आणायचं? कोळणीने त्या फांदीचे आंबे म्हाताऱ्याच्या दारात आणून ठेवले होते. तरी कुणी येईल म्हणून म्हाताऱ्याने ते गवतात जपले. वाट बघता बघता ते पिकले, मग नासले. त्यावर माश्या आल्या. म्हाताऱ्याने हाकलल्या नाहीत.

पुढच्या थंडीत मोहोर दिसताच त्याने झावळ्या सोडल्या आणि कोळणीला हाक मारली, "इथेच बस गो पहिल्यासारखी."

"घाण होईल, आबा."

"होऊ दे. कुणीतरी येऊ दे."

तात्पर्य: आल्यागेल्याला हाकलून अंगण साफ राहतं, पण मग ते साफच राहतं. तिथे फळ धरत नाही आणि माणूसही येत नाही.